सिंहपुच्छ वानराचा वाटा

वानर म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे उद्ध्वस्त झालेली बाग उभी राहते. ही तक्रार खरी आहे व तिची दखल घेतलीच पाहिजे. परंतु रागाच्या भरात सर्व वानरांस एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांतील सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांत सिंहपुच्छ वानर राहतो. कानडी मुलखात त्यास सिंगळीक म्हणतात. अंग काळे, चेहऱ्याभोवती करडी आयाळ आणि शेपटीच्या टोकास गोंडा, ही त्याची ओळख होय. फळे, फुले, बिया व कीटक खाऊन तो बहुतेक आयुष्य झाडांवरच काढतो. मादीस पहिले पिलू सुमारे सहाव्या वर्षी होते व दोन वेतांत साधारणतः अडीच वर्षांचे अंतर पडते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. रानात सुमारे २,५०० प्रौढ वानर उरले असावेत, असा अंदाज आहे.

तमिळनाडूतील वालपराईच्या पठारावर चहाच्या मळ्यांनी अरण्याचे तुकडे झाले. फांदीला फांदी भिडेनाशी झाली, तेव्हा हाच वृक्षवासी प्राणी जमिनीवर उतरला, वाहनांखाली सापडू लागला व घरांत शिरू लागला. तात्पर्य, उपद्रवाचे मूळ बहुधा तुटलेल्या रानात असते.

उत्तर कन्नड जिल्ह्यात या वानरासाठी २०११ साली अघनाशिनी राखीव क्षेत्र घोषित झाले. तेथील ग्रामस्थ रानातून उप्पागेची फळे गोळा करतात. हे झाड आपल्या कोकमाचेच भाऊबंद होय. तीच फळे वानरही खातो व त्यांच्या बिया दूरवर टाकतो. मनुष्याने कच्ची फळे ओरबाडली, फांद्या तोडल्या, तर वानर उपाशी राहतो आणि पुढील पिढीची झाडेही उगवत नाहीत.

म्हणून पक्व फळेच घ्यावीत, काही झाडावर राखावीत, बांधावरील व रानकाठची मोठी झाडे तोडू नयेत आणि वानरांस हाताने खाऊ घालू नये. शासनानेही पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर द्यावी. नुकसान सोसणाऱ्यास केवळ उपदेश करणे न्याय्य नव्हे. ग्रामसेवकांनी या दोन्ही गोष्टी गावापुढे एकत्रच मांडाव्यात. कोकणातील देवरायांच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. रानाचा वाटा रानात राहिला, तरच शेताचा वाटा शेतात राहील.