थाळीच्या मापाचे पापलेट

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो. दर्या खवळलेला असतो आणि अनेक माशांचा तो अंडी घालण्याचा काळ. बंदी लागू नसते ती फक्त हॉटेलांच्या पाट्यांना. ऐन आषाढात मुंबई-पुण्यात पापलेट थाळी, सुरमई थाळी, कोळंबी फ्राय, सारे हजर. शीतगृहातला जुना माल, पूर्व किनाऱ्यावरची मासळी (तिकडची बंदी 14 जूनला संपते), आंध्रातल्या तळ्यांतली कोळंबी आणि भलत्याच नावाने खपणारा बासा. मासा कुठला, कधीचा, हे विचारायची सवय खाणाऱ्याने केव्हाच सोडली आहे.

प्रश्न शिळ्या मासळीपुरता असता तर अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण नव्हते. बारमाही जिभेचा खरा हिशेब ऑगस्टपासून पुढे चुकता होतो. थाळीवाल्याला ताटात मावणारा आणि दरात बसणारा अख्खा मासा हवा असतो. मोठे पापलेट परवडत नाही आणि तुकडी वाढली तर गिऱ्हाईक नाक मुरडते. मग तळहाताएवढे पिल्लू रव्यात घोळून पुढे येते. आयुष्यात एकदाही अंडी न घातलेला मासा आपण लिंबू पिळून संपवतो आणि वर ‘ताजा होता’ म्हणून पावती देतो.

याच पापलेटला सप्टेंबर 2023 मध्ये राज्याने ‘राज्य मासा’ म्हणून मान दिला. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर. म्हणजे वीतभरसुद्धा नाही. त्याहून लहान मासा पकडू नये, एवढी माफक अपेक्षा. पण नियमाची धाव बंदरापर्यंत आणि भूक मात्र स्वयंपाकघरापर्यंत. बारीक आसाची जाळी, ट्रॉलर, 2017 पासून बंदी असूनही चालणारी एलईडी मासेमारी यांचा बंदोबस्त सरकारनेच करायचा आहे आणि त्यात त्याची कुचराई उघड आहे. म्हणून खाणारा सुटत नाही. 2019 मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार महाराष्ट्राची मासळी जेमतेम 2.01 लाख टनांवर आली, 45 वर्षांतली नीचांकी. त्या वर्षी वादळांनीही होड्या रोखल्या होत्या, हे खरे. पण तेवढ्यावर बोट ठेवून निश्चिंत होता येणार नाही.

किनाऱ्यावरच्या घरांना पावसाळ्यात काय खावे, हे कुणी शिकवावे लागत नसे. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी होई: वलांडीवर वाळलेले बोंबील, सोडे, जवळा, करंदी, वाकट्या. गोव्यात हेच पुरुमेंत. पहिल्या पावसाबरोबर डोंगरातून रानभाजीची शेवळे उतरत, काकडाच्या फळांनी त्यांची खाज मारून त्यात मूठभर सोडे पडत. ताज्या सुरमईची आठवण काढायला जिभेला फुरसत नसे. श्रावणात अनेक घरांत मासळी आपोआप सुटे आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या मासळीची चव लागे, कारण मधले दिवस तिच्यावाचून गेलेले असत. जुने सगळेच शहाणपणाचे होते, असेही नाही. वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढताना, अंड्यांनी भरलेले मासे ओंजळीने गोळा करणे आणि गाबोळीवर तुटून पडणे ही आपलीच परंपरा आहे. खाणारी तोंडे थोडी होती म्हणून ती खपून गेली. आता खपणार नाही.

आणि मांदेली, पेडवे, तारली यांचे काय? काट्यांचे मासे हळू खावे लागतात, लक्ष ताटातच ठेवावे लागते, एवढ्याच अपराधासाठी शहरी ताटातून ते हद्दपार होत आहेत. फोन हातात धरून पेडवा खाऊन दाखवावा!

तेव्हा हॉटेलांनी जून-जुलैत पाटी बदलावी. सुक्या मासळीचे कालवण आणि खाडीच्या चिंबोऱ्या मानाने वाढाव्यात. ताटात पिल्लू आले तर गिऱ्हाइकाने ते परत पाठवावे, बिनदिक्कत आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात. मासळी बाजारात कोळणीपुढे मासळी मांडलेली असतेच. तिच्या शेजारी 135 मिलिमीटरची खूण केलेली एक पट्टी लावायला महापालिका कोणत्या निधीची वाट पाहत आहेत?