खाली पोचला का?

यूट्यूबवर बेस जंपिंगचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. हेल्मेटवर कॅमेरा, कड्याची धार, थ्री-टू-वन, आणि मग बाजूने सुसाट वर जाणारी भिंत. छत्री उघडते, माणूस गवतावर उतरतो, आनंदाने ओरडतो, व्हिडिओ खल्लास. हे बघताना मला नेहमी एक प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर व्हिडिओत कधीच नसतं. ह्याच्याबरोबर आलेला दुसरा, जो अजून वर कड्यावर उभा आहे, त्याला कसं कळलं की हा खाली नीट पोचला?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेस म्हणजे बिल्डिंग, अँटेना, स्पॅन (पूल) आणि अर्थ (कडे, डोंगर) ह्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. विमान नाही, सरळ कड्यावरून उडी. पाठीवर एकच पॅराशूट, दुसरं राखीव नसतं, कारण ते उघडायला उंचीच उरत नाही. शाळेतलं गणित करून बघा, पहिल्या तीन सेकंदांतच माणूस सुमारे ४४ मीटर खाली गेलेला असतो. कार्ल बोनिश ह्या अमेरिकन माणसाने १९७८ साली योसेमिटीच्या एल कॅपिटनवरून पॅराशूट घेऊन मारलेल्या उड्या चित्रित केल्या आणि ह्या खेळाला आजचं रूप आलं. तोच बोनिश ७ जुलै १९८४ ला नॉर्वेच्या ट्रोलवेगन कड्यावर गेला. नॉर्वेने १९८६ मध्ये त्या कड्यावरून उड्या मारायला बंदी घातली. त्यामागे एक मोठं कारण हे की तिथे अडकलेल्याला सोडवायला जाणाऱ्यांचाच जीव धोक्यात येत होता.

पण आज मला उडीबद्दल लिहायचं नाहीये. जोडीदाराबद्दल लिहायचंय.

तर मुद्दा असा. आपण ट्रेकला जातो तेव्हा जोडीदारापासून ताटातूट झाली तर काहीतरी चुकलेलं असतं. कड्यावरच्या उडीत मात्र ताटातूट हा बेताचाच भाग आहे! पहिल्याने उडी मारली की मिनिटा-दोन मिनिटांत दोघांमध्ये एक अख्खा कडा उभा राहतो. मोठा कडा असेल तर तो चालत उतरायला कित्येक तास. वरच्याला खालचं दिसत नाही, कारण उडीसाठी निवडलेला कडा पोटात गेलेलाच असतो, आणि पायथ्याला झाडी किंवा धुकं. वॉकीटॉकीला मध्ये डोंगर चालत नाही. मोबाइलला रेंज असेलच असं नाही. मे २००६ मध्ये ग्लेन सिंगलमन आणि हेदर स्वान ह्या ऑस्ट्रेलियन नवरा-बायकोने आपल्या गढवालमधल्या मेरू शिखरावरून, सुमारे ६६०० मीटरवरून, विंगसूट घालून उडी मारली. अशा ठिकाणी 'जरा बघून येतो' म्हणायची सोय नसते.

आता वरचा माणूस काय ऐकतो ते बघा. समजा दहा मिनिटं झाली आणि खालून काहीच आवाज नाही. शक्यता चार:

१) तो मस्त उतरलाय, पण वॉकीटॉकी बंद पडलाय.
२) तो भलतीकडे उतरलाय आणि झाडीतून वाट काढतोय.
३) छत्री उघडताना तिचं तोंड कड्याकडे झालं, तो भिंतीवर आदळला आणि छत्री कपारीत अडकून लटकतोय.
४) तो गेलाय.

वरून ह्या चारही गोष्टी अगदी एकसारख्या ऐकू येतात, म्हणजे काहीच ऐकू येत नाही. आणि चारही ठिकाणी करायची गोष्ट वेगळी! पहिल्यात काहीच करायचं नाही. दुसऱ्यात वाट बघायची. तिसऱ्यात एकेक मिनिट मोलाचं, कारण हार्नेसमध्ये न हलता लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठत जातं आणि ते जिवावर बेतू शकतं.

आमच्या धंद्यात हे दुखणं रोजचं आहे. समोरच्या सर्व्हरकडून उत्तर येत नाही तेव्हा सर्व्हर मेलाय, नेटवर्क मेलंय, की तो नुसताच हळू चाललाय, हे बाहेरून सांगता येत नाही. संगणकशास्त्रात ह्यावर 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणून एक प्रसिद्ध कोडं आहे, १९७५ सालापासूनचं. दोन डोंगरांवर दोन सेनापती, मध्ये शत्रूचं खोरं, निरोप्या वाटेत मारला जाऊ शकतो. मग हल्ल्याची वेळ पक्की कशी करायची? निरोप पोचला का? 'पोचला' हा निरोप पोचला का? कितीही निरोप पाठवा, दोघांची पक्की खात्री कधीच होत नाही, हे गणिताने सिद्ध झालंय. म्हणून आम्ही खात्रीचा नाद सोडतो आणि दोन गोष्टी आधीच लिहून ठेवतो. ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असा ठोका यायलाच हवा. आणि अमुक वेळात तो आला नाही तर समोरचा मेला असं धरून कामाला लागायचं. भले नंतर तो हसत हसत परत येवो.

कड्यावर हाच हिशोब जास्त कडकपणे लागू होतो असं माझं मत आहे. शांततेचा अर्थ 'सगळं ठीक' असा कधीच धरायचा नाही. शांतता म्हणजे अडचण.

बोलायला सोपं आहे, मान्य. पण प्रत्यक्षात माणसाचं मन नेमकं उलट चालतं. १६ मे २०१५ च्या संध्याकाळी योसेमिटीच्या टॅफ्ट पॉइंटवरून डीन पॉटर आणि ग्रॅहम हंट ह्या दोघांनी विंगसूट घालून उडी मारली. पॉटर म्हणजे गिर्यारोहणातलं फार मोठं नाव. त्याची जोडीदार वर फोटो काढत होती. दोघं दिसेनासे झाले आणि तिला दोन आवाज ऐकू आले. ते छत्र्या उघडल्याचे की आदळल्याचे, हे वरून ठरवता येण्यासारखं नव्हतं. मग संपर्क नाही. रात्रभर शोध झाला, पण दोघं सापडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरमधून. छत्र्या उघडलेल्याच नव्हत्या. इथे कोणी कितीही लवकर फोन केला असता तरी काही फरक पडला नसता, आणि मला कोणाचीही चूक काढायची नाहीये. पण वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात किती कमी माहिती असते ते ह्यातून कळतं. दोन आवाज, आणि त्यांचे दोन अर्थ. अशा वेळी तुम्ही-आम्ही कुठला अर्थ निवडू? जो सहन होतो तोच!

त्यामुळेच वाट बघणाऱ्याच्या डोक्यात कारणं तयार होत जातात. छत्री आवरत असेल. बॅटरी गेली असेल. अजून पाच मिनिटं थांबू. मग अजून पाच. दर पाच मिनिटांनी काळजी वाढायला हवी, पण 'एवढा वेळ थांबलोच आहोत तर' म्हणून उलट फोन करायला संकोच वाटायला लागतो. म्हणून निर्णय तिथे उभं राहून घ्यायचाच नाही. दोघं एकत्र असताना, चहा पिताना, डोकं थंड असताना घ्यायचा.

आता दुसरा मोह, पहिल्यापेक्षा भयंकर. वरच्याला वाटतं, मीही उडी मारतो, दोन मिनिटांत त्याच्यापाशी पोचेन. मैत्री म्हणून हे समजू शकतं. पण विचार करा. ज्या वाऱ्याने पहिल्याला भिंतीकडे फिरवलं असेल, तोच वारा तुमची वाट बघतोय. पहिला भिंतीत अडकला असेल तर तुम्ही त्याच्या शेजारून सेकंदात खाली जाल आणि खालून तुम्हाला त्याच्यापर्यंत पोचता येणार नाही. तो कुठे अडकलाय हे वरून जाणाऱ्या दोराला सांगणारा माणूस वर उरणार नाही. आणि बऱ्याचदा रेंज माथ्यावरच असते, दरीत नसते. म्हणजे फोन करू शकणारा एकमेव माणूस स्वतःहून फोन न लागणाऱ्या ठिकाणी जातो! चालत उतरायला लागलात तर निदान अर्ध्या वाटेवरून परत फिरता येतं, उडीतून परत फिरता येत नाही. जेव्हा काहीच माहीत नसतं, तेव्हा परत न फिरवता येणारा निर्णय शेवटी घ्यावा. हे सॉफ्टवेअरलाही लागू आहे, पण तिथे फार तर बॅकअपवरून परत आणता येतं. :)

खालच्याची अडचण वेगळी. तो उतरलाय, वर बघतोय, दुसरा येतच नाही. वारा वाढला म्हणून त्याने उडी रद्द केली आणि तो चालत निघाला असेल तर तीन-चार तास दिसणार नाही. उडी मारून मध्येच अडकला असेल तरी दिसणार नाही. म्हणजे वरच्यासाठी दहा मिनिटांची मुदत पुरते, खालच्यासाठी नाही. ह्यावर एकच उपाय. वरच्याने दोन खुणा केल्याशिवाय धार सोडायची नाही. एक 'उडी मारतोय' ची, एक 'उडी रद्द, चालत येतोय' ची. वॉकीटॉकी, आरसा, टॉर्च, लाल कापड, जे खालून दिसेल-ऐकू येईल ते. खूण दिसली आणि माणूस आला नाही, तर मुदत मिनिटांची. 'रद्द' ची खूण दिसली, तर मुदत तासांची.

मला विचाराल तर उडीआधी चार गोष्टी कागदावर हव्यात. उतरल्याची खूण कोणती. ती किती मिनिटांत यायला हवी. नाही आली तर फोन कोण करणार आणि कोणाला. आणि काहीही झालं तरी दोघांनी भेटायची जागा कुठली. शक्य असेल तर तिसरा माणूस हवा, जो उडी मारणार नाही. मुदत संपली की चर्चा नाही, फोन. तो नंतर शीळ घालत आला तर दुसरा फोन करून सांगायचं की सापडला, माफ करा. खोट्या हाकेची किंमत थोडीशी शरम. न मारलेल्या हाकेची किंमत माणूस.

इथपर्यंत बहुतेकांना पटेल. वाद पुढे आहे. फोन करायला माणूस कचरतो त्याचं एक कारण मनातलं असतं आणि एक कायद्यातलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवान्याशिवाय पॅराशूटने उतरणं हा गुन्हा आहे. योसेमिटीने १९८० च्या उन्हाळ्यात थोडे दिवस रीतसर परवाने देऊन पाहिले आणि मग बंद केले. पकडलं तर दंड, अटक, छत्री जप्त. जून १९९९ मध्ये फ्रँक गॅम्बेली एल कॅपिटनवरून उडी मारून सुखरूप उतरला, रेंजर मागे लागले म्हणून पळाला आणि मर्सेड नदीत बुडून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्या बंदीच्या निषेधार्थ लोकांसमोर उड्या झाल्या. आपली छत्री जप्त होणार म्हणून जॅन डेव्हिसने उसन्या छत्रीवर उडी मारली. ती उघडली नाही. दोघांच्याही मृत्यूत कड्याइतकाच पकडापकडीचा वाटा आहे. आता अशा ठिकाणी जोडीदार दहा मिनिटं गप्प असेल, तर फोन करणं म्हणजे दोघांच्या गुन्ह्याची कबुली देणं. दहाची वीस मिनिटं होणारच ना!

ह्याउलट स्वित्झर्लंडचं लाउटरब्रुनन खोरं बघा. तिथे उड्यांना परवानगी आहे. उतरायच्या कुरणांसाठी शेतकऱ्यांना पैसे जावेत म्हणून कार्ड घ्यावं लागतं, आणि काही कड्यांवरून उडी मारण्याआधी तिथल्या हेलिकॉप्टरवाल्यांना फोन करून सांगायची पद्धत आहे. तिथेही माणसं मरतात, अनेक मेली आहेत. परवानगी म्हणजे काही कवचकुंडलं नव्हेत. पण निदान फोन करताना कोणाचा हात थबकत नाही.

नॉर्वेवाल्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. सोडवायला जाणाऱ्यालाही घरी बायको-पोरं आहेत. बंदी घालायची तर जरूर घाला. पण उडीची शिक्षा आणि हाकेची शिक्षा वेगळी ठेवा. ज्याने वेळेत फोन केला त्याच्यावर त्या फोनमुळे कारवाई होणार नाही एवढं तरी लिहून द्या. नाहीतर कायदा माणसाला उडीपासून थांबवत नाही, फक्त फोनपासून थांबवतो.

आपल्याकडे कड्यावरून उड्या मारणारे कमी, पण हा प्रश्न आपल्याकडेही आहेच. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बाळगणं भारतात बेकायदा आहे. त्यामागे सुरक्षेची कारणं आहेत, पण परिणाम असा की रेंज नसलेल्या दरीत तुटलेल्या जोडीदाराकडे हाक मारायचं कायदेशीर साधनच राहत नाही. सह्याद्रीत शोधाला जातात ते लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांचे स्वयंसेवक, आपापली कामं टाकून. त्यांना रात्री अकराऐवजी दुपारी चारला फोन गेला तर त्यांचाही धोका कमी होतो, कारण उजेड असतो. कोकणकड्याच्या धारेवर आपण मजेत म्हणतो, 'तू हो पुढे, मी आलोच.' त्या 'आलोच'ला घड्याळातली वेळ जोडली, तरी निम्मं काम झालं.

साहस करणाऱ्यांना आपण नेहमी विचारतो, 'तुला भीती नाही वाटत?' माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: 'तुझा आवाज आला नाही तर मी किती मिनिटं थांबू?' ज्याला ह्याचं उत्तर आकड्यात देता येत नाही, त्याच्याबरोबर कड्यावर जाऊ नये. मग तो कितीही मोठा उडीबहाद्दर असो.