वास्तुशांतीपूर्वी वास्तुपरीक्षा

मुहूर्त पाहून गृहप्रवेश करण्याची, वास्तुशांत करून नव्या घरात दिवा लावण्याची परंपरा मराठी कुटुंबांत आजही श्रद्धेने पाळली जाते. मुख्य द्वार कोणत्या दिशेला आहे, याची कसून चौकशी होते. मात्र स्नानगृहातील पाण्याचा उतार कोणत्या दिशेला आहे, हे क्वचितच कोणी पाहते. ज्याचे हप्ते निवृत्तीपर्यंत फेडायचे, ते घर चकचकीत फरशी आणि ताजा रंग पाहून ताब्यात घेतले जाते. मग पहिल्याच पावसाळ्यात भिंती खरे बोलू लागतात.

‘बँकेने कर्ज दिले, महापालिकेने भोगवटा प्रमाणपत्र दिले, मग आणखी तपासणी कशाला?’ असे विचारले जाते. पण बँकेचा मूल्यांकनकार कर्जाची सुरक्षितता पाहतो, महापालिका मंजूर आराखडा पाहते आणि प्रकल्पाचा वास्तुविशारद विकासकाने नेमलेला असतो. घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने पाहणारा यांत कोणीच नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्राम येथील एका उच्चभ्रू संकुलात मजल्यांचे भाग कोसळून दोन महिलांचा बळी गेला. पुढे दिल्लीच्या आयआयटीने केलेल्या तपासणीत काँक्रीटमधील क्लोराइडमुळे सळ्या गंजल्याचे निष्पन्न झाले. असे दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी जाणकार आणि उपकरणे, दोन्ही लागतात.

२०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने ग्राहकाच्या हाती मोठे शस्त्र दिले आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. मात्र दोष दाखवून देण्याचे काम ग्राहकाचेच आहे. म्हणूनच किल्ली घेण्यापूर्वी स्वतः मानधन देऊन स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. चटई क्षेत्र मोजावे, स्नानगृहात पाणी साठवून गळती पाहावी, फरशी ठोकून पोकळी शोधावी, विजेचे अर्थिंग तपासावे. दोषांची यादी छायाचित्रांसह विकासकाला लेखी देऊन पोच घ्यावी. घराच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे.

एकट्या कुटुंबाला विकासक दाद देत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यावर उपाय संघटनेचा. एका इमारतीतील सर्व खरेदीदारांनी मिळून अभियंता नेमला, तर खर्च विभागला जातो आणि खांब, तुळया, गच्ची, पाण्याच्या टाक्या यांचीही तपासणी होते. १९७४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ग्राहक पंचायतीने संघटित ग्राहकाचा हाच विचार रुजवला. तो प्रत्येक नव्या इमारतीत पोहोचविणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

अशी तपासणी म्हणजे विकासकावरील अविश्वास नव्हे. सचोटीने बांधणाऱ्याला तिचे भय नसते. उलट तिच्यामुळे त्याची पत वाढते. जो अभियंत्याला दारातच अडवतो, त्याच्या बांधकामाविषयी मात्र वेळीच सावध झालेले बरे. वास्तुपुरुषाला वंदन जरूर करावे, परंतु त्याचा पाया भक्कम आहे ना, हे पाहूनच.