शब्दाचा मान
पत्त्यांचा खेळ म्हणजे निव्वळ दैवाचा खेळ, असा पुष्कळांचा समज असतो. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला व १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ तो समज दूर करतो. यातील पत्त्यांवर त्यांचे स्वतःचे नियम छापलेले असतात. पत्ता आणि सर्वसाधारण नियम यांत विरोध आल्यास पत्त्याचा शब्द प्रमाण मानतात. एका पत्त्याने दिलेली मुभा दुसऱ्याने नाकारल्यास नकार श्रेष्ठ ठरतो. ‘नाश करा’ आणि ‘बळी द्या’ या आज्ञा वरवर सारख्याच भासतात. परंतु ‘अविनाशी’ प्राणी पहिलीतून वाचतो, दुसरीतून वाचत नाही.

हा केवळ शब्दांचा कीस आहे, असे कोणी म्हणेल. पण जेथे लिखित शब्दाला मान नाही, तेथे ‘बळी तो कान पिळी’ हाच न्याय चालतो. ज्याचा आवाज मोठा, त्याचाच डाव. उलट, नियम नीट वाचणारे लहान मूलही थोरांपुढे निर्भयपणे आपली बाजू मांडू शकते. मात्र हातचा डाव जात असतानाही लिहिले आहे तेच वाचावे, सोयीचा अर्थ काढू नये. असे वाचन ही नुसती हुशारी नव्हे. ती सचोटी होय.