गांधीलमाशीची नांगी

वकिलाला वा पुढाऱ्याला चित्रकाराने किड्याचे रूप दिले, की लगेच अब्रूनुकसानीची भाषा सुरू होते. ‘माणसाला किडा करता?’ असा सवाल आम्हालाही केला जातो. किडा कोणी म्हटले आणि कोणाला, हे आधी पाहावे, असे आमचे उत्तर आहे.

इसवी सनापूर्वी ४२२ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर ॲरिस्टोफेनिसने न्यायसभेतील वृद्ध पंचांना गांधीलमाश्या केले. (वकिलीचा पेशा तिथे नव्हता, ती उणीव पुढाऱ्यांनी भरून काढली होती.) रोजच्या तीन ओबोलांसाठी हे पंच समोर येईल त्या आरोपीला डंख मारीत. नाटकातला मुलगा बापापुढे हिशेब मांडतो: राज्याचे उत्पन्न जवळजवळ २००० टॅलंट, सहा हजार पंचांच्या वाट्याला १५०. उरलेले पुढाऱ्यांच्या घशात! ज्याच्यावर हा रोख होता तो क्लिऑन तेव्हा हयात होता, बलाढ्य होता. याच नाटककाराला त्याने पूर्वी सभेपुढे खेचलेही होते.

१९९४ मध्ये रवांडात नभोवाणीवरून तुत्सींना ‘झुरळे’ म्हटले गेले, आणि सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. तिथे बोलणाऱ्यांच्या पाठीशी सत्ता होती. ज्यांना झुरळ म्हटले त्यांना पळायला वाट नव्हती. पुढाऱ्याच्या टोपीखालची मिशी आणि ही झुरळे एकाच तराजूत तोलणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. निर्वासितांना वाळवी म्हटले जाते तेव्हा ही अब्रूची चाड कुठे जाते?

ॲरिस्टोफेनिसच्या त्याच नाटकात चीज चोरल्याबद्दल कुत्र्यावर खटला चालतो. साक्षीला किसणी येते. आमच्या वकीलमंडळींनी तिची उलटतपासणी जरूर घ्यावी.