औषध, आजार आणि तारखांची साक्ष

१/
‘इतिहास म्हणजे सनावळी नव्हे’ असे आपण सारेच हिरिरीने सांगतो. मीही सांगते. आज मात्र सनावळीची बाजू घेऊन लिहिणार आहे. वैद्यकाच्या इतिहासात एक आजार असा आहे, ज्याचा माग प्रामुख्याने तारखांच्या आधारे लागला. तो म्हणजे औषधामुळे उद्भवणारा रक्तवाहिन्यांचा दाह, अर्थात व्हॅस्क्युलायटिस. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी आजार समजून घेऊ. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. त्यांच्या भिंती सुजतात, मार्ग अरुंद होतो, रक्तपुरवठा तुटतो. मज्जातंतूंनाही स्वतःच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. त्या बंद पडल्या की आज एक पाऊल उचलेनासे होते आणि काही दिवसांनी दुसऱ्याच बाजूचा हात बधिर होतो. क्वचित मेंदूतील वाहिन्याही यात सापडतात. कारण अनेकदा अज्ञातच राहते. काही वेळा मात्र ते उशाशी ठेवलेल्या गोळ्यांत असते.

३/
जर्मनीतील फ्रायबुर्ग, १८६५. शिंपीकाम करणारा २७ वर्षांचा एक कामगार रुग्णालयात दाखल झाला. ताप, हातांना बधिरता आणि झपाट्याने वाढणारी दुर्बलता. थोड्याच काळात तो मरण पावला. शवविच्छेदनात धमन्यांवर गाठी आढळल्या. आडोल्फ कुस्माउल यांचा पहिला तर्क होता कृमींचा. पुढे कुस्माउल आणि रुडोल्फ मायर यांनी १८६६ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. विकाराला नाव मिळाले. कारण मिळाले नाही.

४/
कारणाची वाट दाखवली ती दिनदर्शिकेने. घटसर्पावर तेव्हा घोड्याच्या रक्तातील सीरम टोचत असत. काही मुलांना त्यानंतर ताप, पुरळ आणि सांधेदुखी होई. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी दिवस मोजले. पहिल्या वेळी त्रास साधारण ८ ते १२ दिवसांनी सुरू होई, दुसऱ्यांदा टोचल्यास त्याहून लवकर. सीरम केवळ विषारी असते, तर हा फरक का पडावा? १९०५ च्या त्यांच्या ग्रंथाने उत्तर दिले: त्रास शरीराच्या प्रतिक्रियेमुळे होतो, आणि ती प्रतिक्रिया घडायला वेळ लागतो.

५/
१९३५ नंतर सल्फा औषधांचे युग आले. जंतुसंसर्गाने जाणारे असंख्य जीव त्यांनी वाचवले. पण १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील आर्नोल्ड रिच यांनी सात रुग्णांची नोंद मांडली. सीरम आणि सल्फा उपचारांच्या काळात त्यांच्या धमन्यांत फ्रायबुर्गच्या त्या कामगारासारखाच दाह उद्भवला होता. पुढच्याच वर्षी रिच आणि ग्रेगरी यांनी सशांना घोड्याचे सीरम टोचून असा दाह प्रयोगशाळेत घडवून दाखवला. ज्या औषधाचा सर्वत्र जयजयकार चालला होता, त्याच्याविषयी ही गैरसोयीची साक्ष होती.

६/
परंतु ‘नंतर घडले’ म्हणजे ‘त्यामुळेच घडले’ असे नव्हे. १९७० मध्ये लॉस एंजेलिसमधील १४ व्यसनाधीन रुग्णांत असाच दाह नोंदवला गेला. संशय मुख्यतः मेथॲम्फेटामीनवर गेला. पण त्याच वर्षी या विकाराचा हिपॅटायटिस-बी विषाणूशी संबंध असल्याचेही पुढे आले, आणि एकच सुई अनेकांनी वापरली की तो विषाणू पसरतोच. मेंदूच्या अँजिओग्राफीत दिसणारी मण्यांच्या माळेसारखी वाहिनीही दर वेळी दाहच दाखवत नाही. काही रुग्णांत तो केवळ वाहिन्यांचा तात्पुरता संकोच असतो, हे पुढे उमगले. एका साधनावर निष्कर्ष बांधू नये, हा आपल्या वर्गातील पहिला धडा इथेही लागू पडतो.

७/
आता घरातील गोष्ट. माझ्या आत्याचे उजवे पाऊल एके दिवशी उचलेना. मग डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. कित्येक महिने मणक्याचे उपचार चालले. अखेर एका डॉक्टरांनी विचारले, “गेल्या तीन वर्षांत कोणकोणती औषधे घेतलीत? तारखांसह सांगा.” आत्याने जुन्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपल्या होत्या. आम्ही दोघींनी त्या जमिनीवर क्रमाने मांडल्या. थायरॉइडसाठीचे प्रोपिलथायोयुरासिल आधी, लक्षणे नंतर. रक्ततपासणी आणि मज्जातंतूच्या तुकड्याच्या तपासणीनेही तेच सांगितले. या औषधाचा असा परिणाम १९९० च्या दशकापासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेला होता. आमच्यापर्यंत तो पोहोचला नव्हता. औषध थांबले, स्टेरॉइड सुरू झाले. आत्या आज चालते, पण जिना चढताना कठडा धरते.

८/
याउलट उदाहरण बनावट दस्तऐवजाचे. लेव्हामिसोल हे मुळात जंतांवरचे औषध. अमेरिकेत २००० मध्ये ते माणसांसाठीच्या वापरातून बाद झाले, आणि पुढे कोकेनमधील भेसळ म्हणून परतले. काही रुग्णांच्या कानांवर जांभळे डाग उमटू लागले. रक्तवाहिन्यांना दाह होता. आपण लेव्हामिसोल घेतले, हे घेणाऱ्यालाच ठाऊक नव्हते. जिथे साधनच खोटे, तिथे रुग्णाची प्रामाणिक साक्षही अपुरी पडते.

९/
माझे मत स्पष्ट आहे. वैद्यकाचा इतिहास आपण विजययात्रेसारखा सांगतो: शोध, नोबेल, वाचलेले जीव. दुष्परिणाम तळटीपेत जातात. हे लिहिल्याने लोक औषधांना घाबरतील, असा आक्षेप येईल. मला उलट वाटते. सल्फाने जीव वाचवले हे खरे, आणि रिच यांचे सात रुग्णही खरे. दोन्ही सांगणाऱ्यावरच विश्वास बसतो. आत्याचे औषधसुद्धा तिच्या थायरॉइडवर गुणकारीच होते.

१०/
म्हणून एक विनंती. किल्ल्यावरील शिलालेख वाचवण्यासाठी आपण धडपडतो. घरातील औषधांच्या चिठ्ठ्या मात्र रद्दीत देतो. आजी-आजोबांच्या औषधांची एक वही करा: नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, थांबवल्याची तारीख. शंका आली तर औषध परस्पर बंद करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि तिथे रुग्णही स्वतः नोंद करू शकतो. आत्याची नोंद आम्ही केली, तीही तारखांसह.