वाघाच्या मंडळात आपली दोन माणसं कोण?



सुधीर मुनगंटीवार १९९५ साली चंद्रपुरातून पहिल्यांदा आमदार झाले, पुढे बल्लारपूरचे. २०१४ ते २०१९ वनमंत्री, २०२२ ला पुन्हा तेच खातं. वनमंत्री झाला की माणूस कायद्यानंच राज्य वन्यजीव मंडळाचा उपाध्यक्ष होतो, अध्यक्ष मुख्यमंत्री. मतं माणसांची, कारभार वाघांचा! पण त्यात आम्हाला वावगं वाटत नाही. निवडून आलेल्याच्या दारात मोर्चा तरी नेता येतो. दिल्लीच्या व्याघ्र प्राधिकरणातल्या साहेबाला कुठं गाठायचं?

या कारकिर्दीतलं लोकांच्या ध्यानात काय राहिलं? झाडं. २०१६ ला २ कोटींपासून सुरू होऊन २०१९ ला लक्ष्य ३३ कोटींवर गेलं. अन् अवनी वाघीण. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात तिला गोळी घातली, तेव्हा केंद्रीय मंत्री मेनका गांधी मुनगंटीवारांना हटवा म्हणाल्या. वाघीण गेल्याचं आम्हालाही वाईट वाटलं. पण त्या भागात आधी जीव गेले ते शेतात, जंगलात राबणाऱ्यांचे. आणि वनहक्काचे दावे वर्षानुवर्षं पडून राहिले म्हणून दिल्लीतून कुणी वनमंत्र्याचा राजीनामा मागितला, असं आमच्या तरी कानावर नाही.

आता कायदा बघा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे या मंडळावर विधिमंडळाचे ३ सदस्य असतात. शिवाय १० जाणकार, अन् त्यांत अनुसूचित जमातींचे किमान २ प्रतिनिधी पाहिजेतच. पिपरी मेघेच्या बैठकीत या दोघांची नावं विचारली, तर सगळे एकमेकांकडं पाहू लागले. बोर व्याघ्र प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, २०१४ पासून!

हे आताच का काढलं? १९ जून २०२४ ला प्राधिकरणानं राज्यांना पत्र धाडलं: देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात ५९१ गावं, ६४,८०१ कुटुंबं आहेत, त्यांच्या स्थलांतराचा आराखडा द्या. वनहक्क कायदा २००६ सांगतो की आधी हक्क मान्य करा, मग ग्रामसभेची लेखी संमती घ्या, त्याशिवाय कुणाला हलवता येत नाही. मंडळात हे उठून सांगायचं काम त्या दोघांचंच की नाही?

म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकतो आहोत: त्या दोघांची नावं द्या, आणि मागच्या बैठकांची इतिवृत्तं द्या. अर्जाचा नमुना या अंकासोबत जोडला आहे. प्रत्येक गावानं आपापला टाकावा, अन् पोच जपून ठेवावी.